हरणांना चारा घालणार नाही

होळीनंतर चौथ्या दिवशी सकाळी माझे पती गेले.

जगतपुऱ्यातल्या आमच्या गच्चीतून जंगलाची टेकडी दिसते. त्यांच्या तेराव्यापर्यंत पायथ्याच्या भिंतीशी बारा चितळं येऊ लागली होती. बरगड्या दिसत होत्या. शेजारीण म्हणाली, "भाभीजी, साहब के नाम का चारा डलवा दीजिए. पुण्य लगेगा." इथे गेलेल्या माणसाच्या नावाने जनावरांना चारा घालतात. मी हो म्हणाले. रिजक्याच्या, म्हणजे लसूणघासाच्या, चार पेंढ्या मी स्वतः भिंतीपलीकडे टाकल्या.

दुसऱ्या दिवशी तिथे एक हरिणी मरून पडली होती. पोट ढोलासारखं फुगलेलं. वनरक्षक म्हणाला, "सूखे पत्तों पर जी रही थी. एकदम इतना हरा कैसे पचता?"

हे मला माहीत होतं. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पती रोज त्या भिंतीच्या कडेने फिरत आणि जेवताना मला सांगत. गेल्या वर्षी पाऊस आधीच आला. गवत भराभर वाढलं आणि पाडसं व्हायच्या आत निबर झालं. मग थंडी पडलीच नाही, उन्हं लवकर तापली आणि टेकडीवरच्या धोक नावाच्या झाडांनी पाला गाळला. "गवताचं वेळापत्रक बदललं," ते म्हणत, "हरिणीचं पोट अजून जुन्याच पंचांगाने चालतं." उपाशी हरणांना हिरवा चारा घालू नये, हेही त्यांनी सांगितलं होतं. मी तेव्हा पुस्तकातून डोकं वर न काढता हुं म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी शेजारणीने रिजक्याने भरलेला टेम्पो मागवला. मी भिंतीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या फाटकात जाऊन उभी राहिले.

"हटिए भाभीजी, भूखे मर रहे हैं बेचारे."

"एक को मैंने खिलाकर मारा है. साहब के नाम पर दूसरा नहीं मरेगा."

"इतनी पढ़ी-लिखी, और दिल पत्थर का!"

"पत्थर ही सही."

टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मी हलले नाही. शेवटी तो रिजका गोशाळेत गेला.

त्यानंतरही चितळं रोज भिंतीशी आली आणि मी रोज त्यांच्याकडे पाहिलं. दया मलाही येते. पण ती माझ्या समाधानासाठी मी त्यांच्या पोटात घालणार नाही. चितळं टेकडी चढून पलीकडच्या ओढ्याकडे, थोड्या ओल्या पाल्याकडे जायची असतील, तर त्यांना भिंतीशी काही मिळता कामा नये. कोणी मला निर्दय म्हणो.

आता भिंतीशी कोणी चारा टाकत नाही. शेजारीण बोलत नाही. पाऊस अजून आलेला नाही. टेकडीवर अकरा चितळं आहेत.