बाईंची आंधळी कोशिंबीर

त्या कॉलेजात नव्या मुलांना लायब्ररी दाखवायचा एक तास असे. असल्या तासाला मुलं एरवी जांभया द्यायला येतात. पण या तासाला वरच्या वर्गांतली जुनी मुलंही दाराशी दाटीवाटीने उभी राहत, कारण ग्रंथपालबाईंची आंधळी कोशिंबीर चुकवून कसं चालेल?

बाई आधी रीतसर शिकवत. पुस्तक हवं असेल तर संगणकावर विषय टाका, नावावर भाळू नका. समोर येईल तो क्रमांक उतरवून घ्या, तोच क्रमांक पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला सापडेल. कोश इथेच बसून वाचायचे, घरी न्यायचे नाहीत, तुमचं लग्न लागलेलं नाही त्यांच्याशी. पुस्तक हातात आलं की पहिल्या पानापासून सुरू होऊ नका. शेवटी सूची असते, तिथे आपला शब्द शोधा. आणि वाचून झालं की शहाणपणा करून स्वतः फळीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. "जागा चुकलेलं पुस्तक म्हणजे मेलेलं पुस्तक," त्या म्हणत. "यादीत नाव आहे, पण भेट नाही."

मग खेळ. बाई डोळ्यांवर काळा रुमाल बांधत, गाठ एखाद्या मुलीकडून घट्ट करून घेत. कुणीतरी संगणकावर मनाला येईल ते पुस्तक शोधायचं आणि क्रमांक मोठ्याने सांगायचा. की निघाल्या बाई! कपाटांच्या रांगांतून, कुठेही न धडकता, वेळ पडली तर स्टुलावर चढून, पाठींवरून बोटं फिरवत त्या नेमकं पुस्तक काढून आणत. कोणत्या क्रमांकाचं पुस्तक कोणतं आणि कुठे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मग रुमाल सोडायचा, मुखपृष्ठाकडे एकवार ऐटीत बघायचं आणि नाव घेऊन पुस्तक पुढे करायचं. टाळ्या!

"मी डोळे बांधून आणते," बाई म्हणत. "तुम्हाला तर चांगले दोन-दोन दिलेत."

आता आतली गोष्ट सांगायची तर, अलीकडे बाईंना रुमालाची गरजच उरली नव्हती.

नजरेच्या बरोब्बर मधे एक राखाडी डाग येऊन बसला होता. कडेकडेचं दिसे, म्हणजे दार, टेबलाचा कोपरा, माणसाचा खांदा. पण जिकडे बघावं तेवढंच नेमकं नाहीसं होई. हा डाग जायचा नाही, वाढायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी घरी सांगितलं की चष्म्याचा नंबर बदललाय, आणि विषय मिटवला. समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून त्या मान वळवून तिरकं बघू लागल्या. झालं, स्टाफरूमला तेवढंच पुरलं. "बाईंना हल्ली भलताच तोरा चढलाय, सरळ बघतसुद्धा नाहीत," असं इतिहासाचे सर म्हणाले, आणि इंग्रजीच्या मॅडमनी त्याला पदरचं तिखटमीठ लावून ते घरोघर पोचवलं. बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या मनापासून खूश झाल्या. तोरा चढलेल्या बाईला कुणी नोकरीवरून हलवत नाही.

खरं काय ते एकट्या मामांना ठाऊक होतं. मामा म्हणजे लायब्ररीचे शिपाई, मिशा पिकलेले. त्यांनी कधी विचारलं नाही आणि बाईंनी कधी सांगितलं नाही. फक्त परत आलेली पुस्तकं बाईंच्या टेबलावर ठेवताना मामा त्यांची नावं पुटपुटू लागले, जरा मोठ्यानेच.

"वाचता येतं म्हणून मिरवताय काय, मामा?"

"सराव करतोय, बाई. उद्या तुमची खुर्ची रिकामी झाली तर?"

"मी मेले तरी तुम्हाला देणार नाही."

घरी मात्र वेगळंच राजकारण. भाऊ गेल्यापासून बाई आणि त्यांच्या वहिनी दोघीच एका छपराखाली. वहिनींना वस्तू इकडच्या तिकडे करायची खोड, आणि बाईंचा जीव वस्तू जागच्या जागी असण्यात. त्यामुळे संध्याकाळ झाली की आखाडा सुरू.

"वहिनी, माझी कात्री कुठे गेली?"

"पाय फुटले असतील तिला, वन्सं."

"तिला पाय नाहीत, तुमच्या हातांना चैन नाही."

शेजारचे लोक टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत. टीव्हीवर एवढं चांगलं काही लागत नसे.

यंदा सुट्टीआधी प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. मुलांना भलतीच पुस्तकं दिली गेल्याच्या तक्रारी होत्या. "हा तास पुढे पडद्यावर दाखवू म्हणतोय, फिल्म करून घेऊ," ते म्हणाले. "यंदा मी स्वतः मागे बसून बघतो, मग ठरवू. जमलं तर आहे तसंच चालू दे, नाहीतर ऑफिसात खिडकीपाशी तुम्हाला आरामाची जागा देऊ."

बाईंना आराम नको होता. डोळ्यांवाचून चालता येईल अशा दोनच जागा त्यांना या जगात उरल्या होत्या. त्यातली घरची जागा वहिनी रोज बिघडवत होत्या. राहिली लायब्ररी. तास जमला तर निवृत्तीपर्यंत ती त्यांची, नाहीतर खिडकीपाशी बसून समोर डाग बघत राहायचं.

आणि नेमकं सुट्टीत मामांना भलेपणा सुचला. आदल्या वर्षी बाई स्टुलावरून पडता पडता वाचल्या होत्या. म्हणून मामांनी सगळ्यात वरच्या फळीवरची मागणी असलेली पुस्तकं तळाच्या फळीवर आणली, आणि ज्यांना कुणी हुंगत नाही ती वर चढवली. मुलं चुकू नयेत म्हणून पुठ्ठ्याची पाटीही लावली, 'वरची पुस्तके खाली आहेत.' आता फक्त बाईंना सांगायचं राहिलं. पण न विचारता त्यांच्या पुस्तकांना हात लावला म्हटल्यावर काय काय ऐकून घ्यावं लागेल, या धास्तीने मामा आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. तासाच्या दिवशी सांगायला आले, तर प्राचार्य आधीच मागच्या खुर्चीत ठाण मांडून बसलेले.

बाई त्या दिवशी भलत्याच रंगात होत्या. रुमाल बांधला गेला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने संगणकावर लोखंडी पुलांच्या बांधणीचं पुस्तक शोधलं आणि खणखणीत आवाजात क्रमांक सांगितला. वरच्या फळीचा! मामा खोकले.

"खोकला असेल तर बाहेर जा, मामा."

"बाई, मी आणतो की."

"मग टाळ्या तुम्हाला मिळतील," बाई म्हणाल्या. मुलं हसली आणि बाई निघाल्या.

स्टुलावर चढून त्यांनी बोटं फिरवली. पाठ जरा गुळगुळीत लागली, त्यांच्या ओळखीची कापडी बांधणी नव्हती ती. क्षणभर हात थांबला. पण मागे प्राचार्य, पुढे पोरं, थांबायला सवड कुठली? नव्याने बांधलं असेल, असं स्वतःला सांगून त्या उतरल्या. रुमाल सोडला, मुखपृष्ठाकडे नेहमीसारखं ऐटीत बघितलं आणि म्हणाल्या,

"हे घ्या. लोखंडी पुलांची बांधणी."

मुखपृष्ठावर वीतभर उंचीची लाल कोंबडी होती. वर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, 'घरगुती कोंबडीपालन'.

सगळा हॉल फुटला. बाईंनी मुद्दाम गंमत केली असं मुलांना वाटलं. रुमाल बांधलेला असताना हे झालं असतं तर खपूनही गेलं असतं, पण आता तर त्या उघड्या डोळ्यांनी बघून बोलल्या होत्या. बाईंना कळेना कशाला हसताहेत. त्याही हसल्या.

"हसू नका. हिला सूची बघू दे. 'खांब' शब्द काढ गं."

मुलीने पानं उलटली. "बाई, यात खांब नाहीत. अंडी आहेत."

पुन्हा हशा. पण ती मुलगी अगदी जवळ उभी होती. तिने बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

"बाई, तिथे पाटी लावलीय ना," ती हळूच म्हणाली. "पुस्तकं खाली हलवलीत अशी."

"कुठे?" बाई म्हणाल्या.

त्या एका शब्दाने सगळं सांगून टाकलं. हसणं पुढच्या बाकापासून मागे मागे विझत गेलं. प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मामा," बाईंनी विचारलं, "मघाशी मी काय आणलं?"

"कोंबड्यांचं पुस्तक, बाई."

बाई टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. मग शिकवायच्या आवाजात म्हणाल्या, "लिहून घ्या. ग्रंथपालाच्या शब्दावर पुस्तक उचलायचं नाही. पाठीवरचा क्रमांक स्वतः वाचायचा." कुणीही लिहून घेतलं नाही.

प्राचार्य फार सौजन्याने बोलले. खिडकीपाशी खुर्ची त्याच दुपारी लागली. मामा दाराशी येऊन उभे राहिले. "तुम्ही पडू नये म्हणून केलं हो, बाई."

"पडले नाही ना?" बाई त्यांच्या आवाजाच्या दिशेने म्हणाल्या. "मग तुमचं काम झालं."

इंग्रजीच्या मॅडमचा फोन बाईंच्या आधी घरी पोचला होता. बाई आल्या त्या दाणदाण पाय आपटत. आज त्यांना भांडण हवं होतं, चांगलं कडाडून. बाहीचा एक धागा लोंबत होता. त्यांनी टेबलावर हात फिरवला.

"वहिनी! कात्री कुठे टाकलीत माझी?"

पलीकडे टीव्हीचा आवाज लगेच कमी झाला.

वहिनी आल्या. त्यांनी कात्री उचलून बाईंच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं तिच्यावर अलगद मिटवली. "इथेच होती, वन्सं. तुमच्या हाताशीच. आजपासून मी कशाला हात लावणार नाही."

"लावा ना," बाई म्हणाल्या. "पाय फुटले असतील म्हणा."

वहिनींनी खाली वाकून तो धागा स्वतःच तोडला.

शेजाऱ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा केला.