वहिनीचा पियानो आणि बाबांची चौकट

सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते तेव्हा दादाचा फोन आला. शाळेच्या वेळात तो कधी फोन करत नाही, म्हणून वर्गातच उचलला. "सुमन उठत नाय गो..." एवढंच म्हणाला. किन्हवलीतली माझी शाळा आणि माझं माहेर एकाच रस्त्यावर. धावत पोहोचले तेव्हा सुमनवहिनी पुढच्या खोलीत, तिच्या पियानोशेजारी सतरंजीवर होती आणि डॉक्टर बॅग बंद करत होते. दुपारी चौघांनी तिला उचललं आणि दाराच्या अरुंद चौकटीतून सरळ बाहेर नेलं. या दारातून बाहेर पडणं तिला इतकं सोपं कधीच झालं नव्हतं, असं माझ्या मनात आलं आणि माझ्या सख्ख्या भावाचा मला भयंकर राग आला. महिना उलटून गेला. राग निवलाय, गेलेला नाही.

वहिनी भातसानगरची. वडील धरणावर नोकरीला. कॉलनीच्या क्लबात एक जुना उभा पियानो होता आणि एका साहेबांच्या बायकोनं छोट्या सुमनला तो शिकवला. पुढे साहेबांची बदली झाली, क्लब बंद पडला आणि कुणालाच नको असलेला तो पियानो वडिलांनी लेकीसाठी मागून घेतला. लग्नानंतर तो आमच्याकडे आला तेव्हा नवं घर बांधायला काढलेलं, भिंती कमरेएवढ्या. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून पियानो टेम्पोतून थेट पुढच्या खोलीच्या जागेत उतरवला, ताडपत्रीत गुंडाळला आणि त्याच्याभोवती भिंती चढवल्या. मग जुन्या घराची, बाबांनी स्वतः घडवलेली सागवानी चौकट हळदकुंकू वाहून दाराला बसवली. आमच्या घरात जुनी चौकट टाकत नाहीत. ती ठेंगणी आणि अरुंद आहे, पियानो तिच्यातून निघणार नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. घरात आलेली वस्तू आणि घरात आलेली सून परत बाहेर कशाला जाईल, असाच सगळ्यांचा समज!

पुढे आईला अर्धांगवायू झाला. तिची खाटही त्याच खोलीत लागली आणि वहिनी तिथं अडकली ती अडकलीच. तिला माहेरी जाऊन राहणं नाही, शहापूरला माझ्याकडे येणं नाही. "तुझ्या शाळेतली पोरं तरी पाठव गं," ती एकदा म्हणाली, "माणसांचे आवाज ऐकू येतील." म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की मी आठ-दहा मुलं घेऊन जायला लागले. बाकीची खिडकीच्या गजांना लोंबकळायची. आई खाटेवरून म्हणायची, "लावा गो तुमचा तो डबा, मला बी ऐकू दे."

वहिनी आधी काहीच वाजवायची नाही. पियानोची पुढची फळी काढायची आणि मुलांना आत डोकवायला लावायची. मग गोष्ट. खूप वर्षांपूर्वी इटलीत एका राजघराण्याची वाद्यं सांभाळणारा कारागीर होता. तेव्हाच्या पट्टीच्या वाद्यात तार नखीनं छेडली जायची. पट्टी कशीही दाबा, आवाज तेवढाच. "म्हणजे रागावलं तरी तसंच आणि लाडात बोललं तरी तसंच," वहिनी म्हणायची. त्या माणसानं नखी काढली आणि छोटी हातोडी बसवली. आता बोट जसं, तसा सूर. म्हणून त्यांच्या भाषेत वाद्याचं नावच पडलं हळू-जोरात. त्यातला 'हळू' तेवढा आपल्यापर्यंत आला, पियानो म्हणजे हळू. मग ती एकेका मुलाला पट्टी दाबायला सांगायची. हातोडी तारेला लागून लगेच मागे हटते, हे दाखवायची. तिथंच चिकटून राहिली तर सूर गुदमरेल. आणि प्रत्येक तारेवर लोकरीची एक गादी बसलेली असते. पट्टी दाबली की ती उठते, बोट काढलं की पुन्हा तारेवर बसते आणि सूर बंद. "म्हणून बोट उचलायचं नाही. अगदी शेवटपर्यंत ऐकायचं. येतोय अजून?" मुलं कान लावून, श्वास रोखून म्हणायची, "येतोय..."

एकदा एका मुलीनं विचारलं, "काकू, ह्यो भायेर कसा काढायचा?" वहिनी हसत म्हणाली, "आधी घर बाहेर काढू, मग हा निघेल." हसली खरी, पण पियानो शाळेच्या सभागृहात जावा, गजांना लोंबकळणाऱ्यांनाही हात लावता यावा, एवढी एकच गोष्ट तिला मनापासून हवी होती. पावसाळ्यात पट्ट्या फुगून बसायच्या, तेव्हा ओल सुकावी म्हणून ती पियानोच्या आत पिवळा बल्ब लावून ठेवायची आणि म्हणायची, "इथं कोंडून राहिला तर कुजेल गं हा."

आई गेल्यावर एका उन्हाळ्यात आम्ही प्रयत्न केला. आळीतल्या पाच जणांनी उभा, आडवा, तिरका करून पाहिला आणि शेवटी तो दारातच रुतला. दादा आत, आम्ही बाहेर, चहाचे कप खिडकीच्या गजांतून आत. मला हसू आवरेना. सुतार म्हणाला, चौकट काढा, पुन्हा बसवून देतो. दादाचा चेहराच बदलला. "बाबांच्या हातची चौकट हाय ती. तिला कोनी हात नाय लावायचा." मी तावातावानं भांडले. वहिनी मात्र पदरानं पियानोच्या कडेला लागलेली चौकटीची हळद पुसत राहिली आणि म्हणाली, "आत घ्या त्याला." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मी दरवेळी काढला, दादानं दरवेळी टाळला.

तेरावं झालं आणि दुसऱ्या आठवड्यात दादा शाळेत आला. दारातच उभा राहून म्हणाला, "गवंडी बोलवलाय. चौकट काढतो. घेऊन जा तिचा पियानो." इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं मला. "शनिवारी टेम्पो सांगते," मी म्हटलं.

शनिवारी टेम्पो आला, मुलं आली. गवंड्यानं उंबऱ्यापाशी पहार टेकवली. दादा आत गेला तो बाहेरच येईना, म्हणून मी डोकावले. पियानोतला पिवळा बल्ब अजून लागलेला होता. तो दादा रोज लावतो, हे मला तेव्हा कळलं. दादा वहिनीच्या स्टुलावर बसलेला. कधी एक पट्टी न दाबलेल्या माझ्या भावानं एक पट्टी दाबून धरली होती. सूर केव्हाच संपला होता, पण दादा बोट काही उचलत नव्हता.

"काडू काय दादा?" बाहेरून गवंड्यानं विचारलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. "येतोय ना गो अजून?"

"येतोय," मी म्हटलं, आणि गवंड्याला हातानंच थांबायची खूण केली.