प्लास्टरवाल्याने पाहिलेला संसार

परक्या देशातल्या त्या इस्पितळात सगळे त्याला प्लास्टरवाला म्हणत. दिवसभर दुसऱ्यांचे मोडके हातपाय हातात घ्यायचे आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन फोनवर पुरुषांचे चेहरे चाळत बसायचं. कुणी भेटे, कॉफी पिई, सकाळपर्यंत अनोळखी होऊन जाई. घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ताईने एक मुलगी पाहून ठेवली होती आणि आज होकार हवाच म्हणून ती हटून बसली होती. देऊन टाकावा, असं त्याच्याही मनाने जवळजवळ घेतलं होतं. पुरुषाला पुरुषाची जन्माची सोबत मिळते, हे त्याने ऐकलं होतं. पाहिलं कुठे होतं?

दुपारी मनगट मोडलेले एक आजोबा आले. सोबत त्यांच्याच वयाचा, पण ताठ असा दुसरा म्हातारा.

"तुम्ही भाऊ का?"

"नवरा," ताठ म्हातारा म्हणाला. "स्टुलावर चढू नकोस म्हटलं होतं. ऐकेल तर शपथ!"

"बल्ब तू बदलणार होतास. गेल्या महिन्यात."

प्लास्टरवाल्याने ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. "घट्ट होईपर्यंत हात असाच धरा." नवरोबांनी इतक्या काळजीने धरला, की बोटं ओल्या प्लास्टरमध्ये रुतून खळगे पडले. ते कातडीला टोचले असते. सगळं काढून पुन्हा करावं लागलं.

"बोटांनी नाही, तळव्यांवर धरा."

"इतकी वर्षं चुकीचाच धरतोय माझा हात," आजोबा म्हणाले.

"मग सोडवून घ्यायचा होतास!"

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. ती ऊब चढली तसे दोघे गप्प झाले. आजोबांचा चष्मा घसरला. त्यांनी मान पुढे केली. हात न सोडता नवरोबांनी खांदा पुढे केला, चष्मा वर सरकला. दोघांचंही तिकडे लक्षसुद्धा नव्हतं.

प्लास्टरवाल्याने हात धुवायला पाण्याच्या बादलीत घातले होते. इतकं साधं असतं हे? आणि इतकं अफाट? बादलीतले हात बाहेर काढायचंही त्याला सुचेना.

ते भांडत भांडत गेले. त्याने व्हरांड्यातून फोन लावला.

"ताई, मुलीकडे नाही म्हणून कळव. मला पुरुष आवडतात. पहिल्यापासून."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"कोणी आहे?"

"नाही."

"मग कुणाच्या जिवावर नाही म्हणतोस, गाढवा?"

"आज दोघांना बघितलं. एकत्र म्हातारे झालेत."

ताईने नाक ओढल्याचा आवाज आला.

"फोन ठेवू नकोस हं. जरा वेळ दे मला."

तो भिंतीला टेकून उभा राहिला.