बंद गिरणीतले सुखी कामगार

माणसाचं मन आकड्यांत मोजता येतं म्हणणाऱ्यांशी सकाळी आणि येत नाही म्हणणाऱ्यांशी दुपारी भांडून, संध्याकाळी दोघांनाही शेवउसळ खायला नेणारी अख्ख्या बडोद्यात एकच व्यक्ती होती, आणि नेमकी तीच माझी पीएचडीची गाईड होती. नव्वदच्या दशकात आमच्या मानसशास्त्र विभागात आकडेवाले आणि गप्पावाले अशी दोन घराणी नांदत होती. एक घराणं प्रश्नावल्या भरून घेऊन बेरजा करी, दुसरं लोकांपाशी बसून मुलाखती घेई, आणि चहा दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवर पीत. बाई खुर्ची ओढून बरोबर मधल्या वाटेत बसत. त्यामुळे प्रत्येक घराण्याला त्या दुसऱ्याच्या वाटत, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खावे लागत ते वेगळंच.

हा सोस घरीदारी सगळीकडे. सयाजीगंजात उसळ खाताना त्या आधी तिखटाला एक ते पाचांत आकडा द्यायला लावत आणि मग कसं लागलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावत. पुढे पुढे गाडीवालाच त्यांना लांबून बघून "बेन, आजे साडा त्रण" अशी आजच्या साडेतीनाची वर्दी देऊ लागला. भाचीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी आपल्या अकोटा भागातल्या घरी पोह्यांबरोबर वीस प्रश्नांचा फॉर्म दिला आणि वर तासभर मुलाखत घेतली. त्या मंडळींचा पुन्हा फोन आला नाही. बाईंचं म्हणणं, नमुना फार लहान होता.

मी मात्र पक्का आकडेवाला. विषय होता बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगारांची मनःस्थिती. यंदा प्रबंध झाला नाही तर कारकुनीला लागायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. कामगार अजूनही सकाळी फाटकाशी जमत. म्हणून वेळ वाचवायला मी त्यांचे सगळे फॉर्म तिथल्या हजेरी मांडणाऱ्या जुन्या टाइमकीपरच्या हातूनच वाटले. बेरीज झाली तेव्हा माझं धाबं दणाणलं. काम गेलेली माणसं, तुलनेसाठी घेतलेल्या चालू गिरणीतल्यांपेक्षा सुखी निघाली होती. झोप उत्तम, भूक उत्तम, चिंता नाही. मी सगळा गठ्ठा रद्दीत घालायला निघालो, तेव्हा बाई म्हणाल्या, "आकडे खरेच आहेत. कशाचे आहेत, तेवढं विचारून येऊ. बस मागे."

त्यांच्या लुनावर बसून आम्ही पाणीगेटला एका कामगारकाकांकडे गेलो. फॉर्म न काढता बाईंनी दीड तास त्यांच्या गुडघ्यांची, सुनेची, मांजराची चौकशी केली. शेवटी काका हळूच म्हणाले, "बेन, मिल पाछी चालु थाय त्यारे रोतलने कोण बोलावे?" टाइमकीपरने दिला म्हणजे फॉर्म शेठचाच, असं सगळ्यांनी धरलं होतं. गिरणी सुरू झाली तर रडक्या माणसाला परत कोण बोलावणार, म्हणून सगळ्यांनी सुखावर खुणा केल्या होत्या.

मला तर तिथेच रडू यायचं बाकी होतं. घरी परतताना बाई म्हणाल्या, "तू समाधान मोजायला गेलास आणि आशा मोजून आणलीस. एवढं तोंड पाडू नकोस." पुढचे तीन महिने आम्ही घरोघर जाऊन बसलो. प्रबंधात प्रत्येक तक्त्याखाली माणसांचं बोलणं आलं, आणि दोन्ही घराण्यांचे परीक्षक कुरकुरत का होईना, राजी झाले.

आम्ही पेढे घेऊन काकांकडे गेलो आणि छापलेलं त्यांचं वाक्य दाखवलं. आपलं नाव कुठेच नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "तो लखो, बेन. ऊंघ नथी आवती." तर मग लिहा, झोप येत नाही, हे ते पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. प्रबंध तर बांधून झाला होता. तरी बाईंनी पर्समधून कागद काढला, "केव्हापासून?" असं विचारलं आणि मांडी घालून बसल्या.

बाई आता परदेशी लेकीकडे असतात. माझे विद्यार्थी भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन खुशीत परत आले, की मला बाईंची फार आठवण येते. मग मी स्कूटरची किल्ली शोधू लागतो.