मैनानं ठेवलेलं नाव

हिंदुराव हे नाव वारज्यातल्या त्या घरात एक पिढी सोडून येई. आज्याचं नाव नातवाला, हा रिवाज. नाव भारदस्त, आणि ते मिरवणारा प्रत्येक जण हाताचा सढळ. दान देण्यात नव्हे, मारण्यात.

मैनाचा बाप त्यांतला शेवटचा. त्यानं बैल मारले, बायको मारली, पोरं मारली, आणि गावानं त्याला करारी माणूस म्हटलं. मैनाच्या उजव्या हाताचं एक बोट वाकत नाही, ते त्याच्याच काठीमुळे. भाकरी जराशी करपली होती. एवढं मारायचं होतं तर पुरती करपू तरी द्यायची, असं ती पुढे म्हणायची.

धाकटा भाऊ झाला त्या वर्षी ज्वारी घरात मावेना, म्हणून आईनं हौसेनं संपत नाव ठेवलं. आज्या-पणज्यांत कुणाचं नव्हतं. पोरगाही कुणावर गेला नाही. वारजं शहरात जायला लागलं, बिल्डरांच्या गाड्या दाराशी लागल्या आणि बापानं मळा विकायला काढला, तेव्हा संपत एवढंच म्हणाला, "माझी सही मिळायची न्हाई." बापानं हातातली पहार त्याच्या डोक्यात घातली. एकदा घालून थांबला नाही. थोरला मच्छिंद्र दारात उभा होता, तो हलला नाही. पोलिसांना सांगितलं, पोरगं विहिरीत पडलं. ओटीवरचं रक्त मैनानं सारवलं, कारण बापानं मान धरून तिला खाली बसवलं होतं. त्यानंतर घरात संपतचं नाव जो काढेल त्याचं थोबाड फुटे. मैनाचं फुटलं, तरी ती काढत राहिली.

मग बाप अंथरुणात, दूधभात खाऊन, सुखानं मेला. मळ्यावर इमारती उठल्या आणि मच्छिंद्राला मुलगा झाला. कोथरुडात दिलेली मैना बारशाला आली. नाव ठेवायचा मान आत्याचा. मच्छिंद्रानं तिला स्वयंपाकघरात गाठून दंड पिरगाळला. "नाव हिंदुराव. दुसरं निघालं तर हितंच गाडीन."

मैना घाबरली. पण भीतीहून चीड मोठी होती. बाप पुन्हा या घरात येणार, पाळण्यात निजणार आणि आपण त्याला जोजवायचं, हे तिला सोसवेना.

पाळणा म्हणून झाला. मैना वाकली, तान्ह्याच्या कानाशी तोंड नेलं. रिवाजाप्रमाणे बायका हसत हसत तिच्या पाठीत गुद्दे घालू लागल्या. तिनं कुर्रर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "संपत."

गुद्दे थांबले. मच्छिंद्र बायकांतून वाट काढत आला, अंबाड्याला धरून त्यानं तिला मागं ओढलं आणि भिंतीवर आपटलं. घुगऱ्यांचं पातेलं उलटलं. मग लाथा. एक बरगडीत, एक तोंडावर. तिचा ओठ फाटला, दात हलला.

"बदल नाव."

"कानात गेलं, दादा," मैना रक्त गिळत म्हणाली. "आता न्हाई निघत."

त्यानं पुन्हा पाय उचलला, मग काही सुचून बायकोकडे वळला. "शालू, तू आई हायेस. हाक मार त्याला. म्हण, हिंदुराव."

शालूनं या घरात आजवर मार खाल्ला होता, उलट शब्द काढला नव्हता. तिनं पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. "मामंजींचं नाव म्या कसं घिऊ?"

बायकांनी माना हलवल्या. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे त्या घरातल्या पुरुषांनीच तिला लग्नाच्या दिवशी बजावलं होतं. मच्छिंद्रानं शालूवर हात उगारला, पण तो तसाच राहिला.

शालूनं रडणारं पोर पाळण्यातून उचललं आणि छातीशी धरलं. "उगी, संपत. लागलंय आत्याला, तू कशाला रडतोस?"