सत्तावन्न पूर्ण

आमच्या घरात पुरुष म्हातारे होत नाहीत. आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते, ते एक्कावन्नाव्या वर्षी गेले. वडील चोपन्नाव्या, थोरला भाऊ अठ्ठावन्नाव्या. तिघांनाही हृदयाचा झटका. गेल्या महिन्यात मला सत्तावन्न पूर्ण झाली आणि भीतीने माझी झोप उडाली.

सुदामा नगरच्या घरात जिना चढलो की मी नाडी मोजायचो. करपट ढेकर आला तरी हात छातीवर. पुढच्या दिवाळीचं कुणी काढलं की विषय बदलायचो. बायको आधी हसली, मग चिडली आणि शेवटी मला पलासियाला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"अहो, टेन्शन नका घेऊ ना. बस, चालायचंच तर आहे," ती म्हणाली. चालायचं तिला नव्हतं.

छातीवर तारा चिकटवून मला फिरत्या पट्ट्यावर उभं केलं. "सीने में दर्द हो तो तुरंत बोलना, बाबूजी," तिथली मुलगी म्हणाली. पट्टा चढाचा झाला. घाम फुटला. भाऊ असाच बोलता बोलता घामाने भिजला होता, एवढंच डोळ्यांसमोर येत राहिलं. आठेक मिनिटांनी कळ आली आणि मी दांडा घट्ट धरून ओरडलो, "बंद करो!"

मुलीने मशीन थांबवलं. "सीने में?"

मी गुडघ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टर कागदाची पट्टी बघत बसले. बघतच बसले. घराच्या कागदांची फाइल कुठे आहे, हे बायकोला कधी सांगितलेलं नाही, हे मला तेव्हा आठवलं.

"दिल बढ़िया चल रहा है," ते अखेर म्हणाले. "घुटने घिस गए हैं. बुढ़ापा आ रहा है, बाबूजी, और क्या."

ते पुढच्या पेशंटकडे वळले. मी बसूनच राहिलो. एरवी मला कुणी म्हातारा म्हटलं असतं तर मी त्याची हजेरी घेतली असती. पण आमच्या घरातल्या कुठल्याच पुरुषाला हे कुणी कधी म्हटलं नव्हतं.

दवाखान्याचा जिना उतरताना दर पायरीला कळ येत होती. बायकोने खांदा पुढे केला.

"फार दुखतंय का हो?"

"फार," मी म्हणालो आणि मला रडू कोसळलं. तिचा खांदा धरून, ते दुखणं जपत, मी एकेक पायरी उतरलो.