न खरखरणारा रेडिओ

लेकीच्या सोळाव्या वाढदिवसाला मी तिला रेडिओ दिला, तेव्हा तिचं जे तोंड झालं ते मी विसरणार नाही. हातात मावेल एवढा डिजिटल रेडिओ, ओढून लांब करायची एरियल, पुढे छोटा पडदा आणि त्यावर स्टेशनचं नाव. हल्लीची मुलं हौसेने घेतात, असं दादरच्या दुकानदाराने मला छातीठोकपणे सांगितलं होतं. लेकीने तो उलटापालटा करून पाहिला.

"यात गाणं पुढे ढकलता येत नाही?"

"नाही."

"आणि आवडलं नाही तर?"

"तरी ऐकायचं."

"का पण?" असं म्हणून ती कानात पुन्हा इअरफोनची ती बोंडं खुपसून आत निघून गेली. दिवसभर फोनमधलं ऐकणारी ही पोर, तिला काय कळणार, म्हणून मी चडफडले. महिनाभर रेडिओ फ्रिजवर पडून होता. शेवटी मी तो उचलला आणि लालबागला बाबांना देऊन टाकला.

बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून चाळीतल्या खोलीत एकटेच राहत होते. चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरून बरीच वर्षं झाली होती. एकेक बिऱ्हाड भाड्याच्या घरात निघून गेलं होतं. बाबांच्या मजल्यावर बहुतेक दारांना कुलपं होती आणि जिन्याखाली इमारत धोकादायक असल्याची पाटी होती. त्या पाटीवर कोणीतरी ओला टॉवेल वाळत घालायचं. बाबा मात्र हलायला तयार नव्हते. आपण खोली सोडली की खोली आपली राहत नाही, ही गिरणगावातली भीती त्यांच्या हाडात मुरलेली. भांडूनतंडून मी त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की पावसाच्या आधी ते माझ्याकडे दादरला येतील. पडायच्या त्या इमारती पावसातच पडतात, असं आम्ही सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आणि तेव्हा तर होळीही झाली नव्हती.

नवा रेडिओ बाबांना आवडला, पण त्यांची एक तक्रार होती. जुना रेडिओ स्टेशन सुटायला लागलं की खरखरायचा, मग उठून एरियल फिरवायची, थोडं इकडे, थोडं तिकडे, की आवाज परत यायचा. हा लागला तर अगदी स्वच्छ लागायचा, नाहीतर एकदम गप्प.

"खरखरणा नाय तो कसलो रेडिओ?" ते त्यांच्या मालवणीत म्हणाले. "मेलो की जितो हा, ताच कळणा नाय."

मी हसले. डिजिटल असाच असतो, हे मीच त्यांना समजावून सांगितलं.

लेकीचं कॉलेज परळला. दुपारी ती आजोबांकडे जेवायला जायची. चहूबाजूंनी टॉवर उठल्यापासून चाळीत मोबाइलला धड रेंज मिळत नव्हती, त्यामुळे तिथे तिचा फोन म्हणजे नुसता आरसा. आजोबा खिडकीत रेडिओ लावून बसायचे आणि तिलाही नाइलाजाने ऐकावं लागायचं. कधी शेतीची माहिती, कधी कुणाची मुलाखत, कधी तिने जन्मात न ऐकलेलं नाट्यपद. पंधरवड्याने माझ्या लक्षात आलं की ती कॉलेज सुटल्यावर थेट तिकडेच जाते आणि संध्याकाळीच घरी येते.

"फोनला माहीत असतं मला काय आवडतं," ती एकदा ताटावर बसून म्हणाली. "सारखं तेच तेच देतो. त्या रेडिओवाल्या बाईला माझं काही माहीतच नाही. भारी वाटतं."

मला एवढा आनंद झाला की मी दुकानदाराला मनातल्या मनात माफ करून टाकलं. रेडिओ परत तुला देऊ का, असंही विचारलं. तर ती म्हणाली, तिथेच राहू दे, तिथे ऐकायला मजा येते.

मग एक दिवस गॅलरीच्या टोकाला जाऊन बाबांनी मला फोन केला. खुशीत होते.

"तुझो रेडिओ रुळलो गो आता. मस्त खरखरता."

"बरं झालं," मी म्हणाले. "एरियल फिरवून बघा." माझाही जन्म त्याच खोलीतला. खरखर म्हटलं की एरियल, हेच माझ्याही तोंडात आलं, आणि मी भाजी चिरायला लागले.

त्यानंतर ते रोज एरियल फिरवत होते. पडद्यावर रोज पांढरी धूळ बसायची, ती पंच्याने पुसायचे आणि शेजारच्या टॉवरवाल्यांना शिव्या घालायचे. कधी खरखर थांबायची, मग त्यांना वाटायचं आपल्याला एरियल जमली.

त्या दुपारी लेक त्यांच्याबरोबर जेवत होती. पुढचं तिने मला सांगितलं तसं सांगते. रेडिओवर कुणीतरी गोष्ट वाचत होतं आणि मध्येच खरखर सुरू झाली. आजोबा हात धुवून एरियलकडे वळले. लेकीचा घास हातातच राहिला. खरखर वाढली होती, पण गोष्टीचा एक शब्दही तुटत नव्हता.

"आजोबा, हा डिजिटल आहे. याला खरखर येतच नाही."

"येता. दोन आठवडे येता."

ती उठली आणि तिने रेडिओ बंद केला. खरखर चालूच राहिली. डोक्यावरून येत होती, माळ्याखालच्या तुळईतून. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथून पिठासारखी बारीक माती खाली पडत होती, खिडकीत, नेमकी रेडिओच्या जागेवर.

ती म्हणाली, आजोबा, खाली चला. ते म्हणाले, लाकूड आहे, उन्हाने वाजतं, जेव. तिने हात धरून ओढलं, तर ते पलंगावर बसून राहिले. खोली सोडायची नाही. आमची ही पोर भांडण्यात माझ्यावर गेलेली, पण त्या दिवशी ती भांडली नाही. तिने रेडिओ पुन्हा लावला, आवाज मोठा केला, तो उचलला आणि जिना उतरायला लागली.

"माझो रेडिओ घेवन खय चललंस गो?" बाबा ओरडत तिच्यामागे निघाले, बनियनवर, पायात चप्पल न घालता. ती थांबली नाही. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली, मग ते तिथे पोचले आणि त्यांनी तिच्या हातातून रेडिओ हिसकावून घेतला. तेवढ्यात त्यांच्या मजल्याची गॅलरी आणि तिच्यामागची खोली खाली बसली. मोठा आवाज झाला नाही म्हणते. धूळच फार उठली. आत कोणी नव्हतं.

मी टॅक्सी करून गेले तेव्हा बाबा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ. रेडिओ मांडीवर, चालू. मला बघून रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी रोज एरियल फिरवी होतंय."

मला रडू आवरलं नाही. लेकीला पोटाशी धरलं तर ती म्हणाली, "आई, हळू. मी ऐकतेय." ती अजून चाळीकडेच बघत होती.

आता बाबा आमच्याकडे दादरला असतात. आमचीही इमारत काही नवी नाही, पण पक्की आहे असं सगळे म्हणतात. रेडिओ आता लेकीचा झाला. संध्याकाळी ती तो हॉलमध्ये लावते, आम्ही तिघं ऐकतो. मध्येच ती उठते आणि कार्यक्रम कितीही रंगात आला असला तरी बटण दाबून तो बंद करते. बाबा छताकडे बघतात, मी मिक्सर किंवा पंखा चालू असला तर बंद करते. थोड्या वेळाने ती म्हणते, "नाही, काही नाही," आणि पुन्हा लावते.

काल तिने पुन्हा लावायला वेळ घेतला. भिंतीला कान लावून उभी राहिली, मग दुसऱ्या भिंतीला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, वहिनी, काळजी करू नका, इमारतीची तपासणी करायचं मीटिंगमध्ये ठरलंय, पावसाच्या आधी.